संपाच्या बातमीला घाबरलेल्या भाचीस

सातारा, रविवार

चि. भाचीबाईस,


काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. वर बातमीचा फोटो, खाली एकच ओळ : ‘मावशी, नेमका माझ्याच वेळी संप झाला तर?’ मी लगेच ‘घाबरू नकोस’ असं लिहायला घेतलं आणि खोडलं. तीस वर्षं लेबर रूममध्ये मी बायकांना ‘घाबरू नकोस’ म्हणत आले. ते ऐकून एकीचीही भीती गेली नाही. पुढे काय होणार आहे हे नीट सांगितलं की मात्र चेहरे उतरायचे थांबायचे. म्हणून आज सकाळी चहा घेऊन सविस्तर लिहायला बसले आहे.

शिवाय मोठ्या सरकारी रुग्णालयात नाव घाल, असा आग्रह मीच धरला होता. रक्तपेढी आवारातच, भूलतज्ज्ञ चोवीस तास, बाळाला काही लागलं तर मजला बदलायचा, गाव नाही, ही माझी कारणं होती. ती आजही तशीच आहेत. पण माझ्या शब्दावर तू तिथे गेलीस, तेव्हा तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच.

संप होणारच नाही, असं मी सांगणार नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. 14 मार्च 2023 ला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सरकारी कर्मचारी बाहेर पडले, तो संप 20 तारखेला मिटला. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातल्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ संघटनेची पोरं संपावर गेली आणि 17 तारखेला आयएमएने देशभर चोवीस तास काम थांबवलं. जुलै 2025 मध्ये कंत्राटी भरतीच्या विरोधात आमच्या परिचारिका उतरल्या. तेव्हा कुणाच्याही नऊ महिन्यांत एखादा संप येऊ शकतो. तो येईल असं धरूनच चालू या.

आता बातमी कशी वाचायची ते सांगते. मथळा असतो ‘आरोग्यसेवा कोलमडली’. तू मथळा सोड आणि शेवटच्या परिच्छेदात जा. तिथे बहुतेक वेळा एक ओळ असते : अत्यावश्यक सेवा सुरू राहणार. रुग्णालयाची दोन अंगं असतात. एक ओपीडीचं आणि आधी तारीख दिलेल्या ऑपरेशनांचं; हर्निया, मोतीबिंदू वगैरे. दुसरं अपघात विभाग, अतिदक्षता आणि लेबर रूमचं. संपात पहिलं अंग आखडतं, दुसरं कसंबसं का होईना चालू ठेवतात. हर्नियाला पुढची तारीख देता येते. कळा सुरू झालेल्या बाईला ‘पुढच्या सोमवारी या’ असं कोण सांगणार?

निवासी डॉक्टरांच्या एका संपातली रात्र मला अजून आठवते. रात्रपाळीला मी होते, पण नेहमीची पोरं नव्हती. साडेनऊला आमच्या विभागप्रमुख मॅडम स्वतः आल्या, हातात थर्मास आणि घरची चादर. पोरांच्या विश्रांतीच्या खोलीत त्यांनी चादर अंथरली खरी, पण पाठ टेकायला वेळ मिळाला नाही. रात्री सहा बाळंतपणं झाली. मॅडमनी कित्येक वर्षांत रात्रपाळी केलेली नव्हती, त्यामुळे दर थोड्या वेळाने ‘सिस्टर, कात्री कुठाय? सिस्टर, हे कागद हल्ली कुठे ठेवता?’ असं चाललेलं. पण एका पहिलटकरणीचे त्यांनी टाके घातले, ते बघायला इंटर्न पोरं टेबलाभोवती गोळा झाली. इतकं सुबक काम त्यांनी पाहिलंच नव्हतं.

अशा संपाच्या रात्री लेबर रूममध्ये हात कमी असतात, पण असतात ते जुने, मुरलेले असतात. हात कमी पडल्यामुळे काय होतं? केसपेपर उशिरा निघतो. चादर मागावी लागते. बाळंतिणीच्या वॉर्डातली फेरी अकराऐवजी दोनला होते. हाक मारली की ‘आले गं, आले’ ऐकू येतं आणि सिस्टर दहा मिनिटांनी उगवते. त्रास होतो, नाही असं नाही. पण तो त्रास आणि तू काल रात्री डोळ्यांसमोर आणलेली रिकामी लेबर रूम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथवर वाचून तुला बरं वाटलं असेल. आता दुसरी बाजूही ऐक, कारण ती लपवली तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

मार्च 2023 च्या संपात मी स्वतः होते. फाटकाबाहेर मांडवात बसून घोषणा दिल्या. आत सीनियर डॉक्टर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी किल्ला लढवत होत्या. संप मिटला, मी ड्युटीवर गेले आणि त्याच दिवशी नववा महिना लागलेली एक बाई डोकं धरून आली. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. बीपी 170/110. विचारलं, ‘अगं, तपासायला आली नाहीस?’ ती म्हणाली, ‘आले होते ना ताई, मंगळवारच्या आदल्या रात्रीच पाय सुजले होते. पण इथं बंद होतं, म्हणून परत गेले.’ ती वाचली, बाळही वाचलं. पण ती परत गेली तेव्हा मी त्याच फाटकाशी बसले होते. मागणी आमची खरी होती, आजही मी ती खरीच म्हणेन. तरी ते ‘परत गेले’ माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी हेच सांगत आले आहे : संप बाळंतपण अडवत नाही, बाळंतपणाआधीची तपासणी अडवतो. काळजी करायचीच असेल तर त्या तपासणीची कर.

म्हणून पहिली गोष्ट, बीपी. शेवटच्या महिन्यात आठवड्याला एकदा ते मोजलं गेलंच पाहिजे. ओपीडी बंद असली तर तुझ्या गल्लीतला फॅमिली डॉक्टर मोजेल, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजतील, घरी मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून तूच मोज. 140/90 किंवा त्याहून जास्त दिसलं तर ओपीडीच्या दाराशी थांबायचं नाही. सरळ अपघात विभागात किंवा लेबर रूममध्ये जायचं. तीच वाट आणखी काही गोष्टींसाठी : डोकं सतत दुखणं, नजरेला अंधारी, चेहऱ्यावर-हातावर अचानक सूज, अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. ‘बंद आहे, उद्या या’ हे वाक्य कुणीही म्हणो, शिपाई, सुरक्षारक्षक, पार्किंगवाला, ते ऐकून घरी यायचं नाही. ‘नववा महिना आहे, बाळ हलत नाही, मला लेबर रूमला जायचंय’ असं म्हण. त्या बाईने एवढं म्हटलं असतं तर तिला आत घेतलं असतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न. पुढच्या ओपीडीला जाशील तेव्हा वहीत लिहून ने. संप झाला तर रात्री ऑन कॉल सीनियर कोण असतात? भूलतज्ज्ञ आवारात असतात की घरून येतात? बाळांचा अतिदक्षता विभाग चालू राहतो का? जागा नसेल तर तुम्ही कुठे पाठवता? लेबर रूमचा थेट फोन नंबर कोणता? हे विचारलंस म्हणून कुणी रागावणार नाही. आम्हाला नीट प्रश्न विचारणारी बाई आवडते, कारण ऐन वेळी तीच नीट सांगतेही. आणि पायाळू बाळ किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने सिझेरियनची तारीख ठरली, तर एक जादा प्रश्न : तारखेआधीच कळा आल्या तर काय करायचं? ठरलेली तारीख संपात सरकू शकते. तारखेआधी आलेल्या कळा सरकत नाहीत.

तुझ्या बाबतीत एक खास गोष्ट आहे. तुझा गट बी निगेटिव्ह. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तू अँटी-डीचं इंजेक्शन घेतलंस. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला, तर जन्मानंतर 72 तासांच्या आत पुन्हा ते लागतं. माणसं कमी असली की अशा गोष्टी ड्युटी बदलताना निसटतात. सकाळची सिस्टर समजते रात्रीच्या सिस्टरने दिलं, रात्रीची समजते सकाळची देईल. तेव्हा फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने मोठ्ठं लिही : बी निगेटिव्ह, अँटी-डी. नाळेतलं रक्त तपासणीला गेलं का, रिपोर्ट आला का, हे जावईबापूंनी प्रत्येक पाळीला एकदा विचारायचं. निगेटिव्ह रक्त पटकन मिळत नाही, म्हणून त्या गटाचे दोन ओळखीचे लोक आत्ताच शोधून त्यांना सांगून ठेवा. संप नसता तरी हे मी सांगितलंच असतं.

तिसरी गोष्ट, उशीर. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 मध्ये एक मांडणी केली, ती आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात शिकवायचे. बाळंतपणात बाईचा जीव धोक्यात येतो तो तीन उशिरांमुळे : निघायचं ठरवण्यात उशीर, पोहोचण्यात उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. संपामुळे तिसरा उशीर वाढू शकतो, आणि तो तुझ्या हातात नाही. पहिले दोन मात्र पूर्णपणे तुमच्या घरच्यांच्या हातात आहेत. ते दोन शून्यावर आणलेत की तिसऱ्याला सवड मिळते.

ठरवण्याचं म्हणशील तर, पहिलटकरणीच्या कळा सहसा हळूहळू वाढतात. सुरुवातीला पोटात येतं आणि जातं, चाललं की बरं वाटतं. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघायची वेळ झाली, असा साधा हिशेब आहे. तुमचं घर लांब आणि रस्त्यात ते रेल्वे फाटक, म्हणून तू तासभर वाट पाहू नकोस. आणि पाणी गेलं तर कळांची वाटच बघायची नाही. पाण्याचा रंग आणि घड्याळातली वेळ लक्षात ठेवायची.

पोहोचण्याचं म्हणशील तर, गर्भवतींसाठी 102 आणि तातडीसाठी 108, दोन्ही फुकट. शिवाय गल्लीतल्या एका रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लावून ठेव आणि त्याला आत्ताच सांग. रात्री अडीचला पहिल्यांदा ओळख काढायची वेळ येऊ नये. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, सगळं एका पिशवीत. प्रत्येक कागदाचा फोटो तिघांच्या फोनमध्ये. संपाच्या दिवशी जुना केसपेपर शोधून द्यायला रेकॉर्ड रूममध्ये माणूस नसतो. तुझी पिशवी हीच तुझी रेकॉर्ड रूम.

आता माझ्या बहिणीचं, म्हणजे तुझ्या आईचं. ती म्हणत असेल, ‘पहिलं बाळंतपण माहेरीच, तिथे कसला संप नि फिंप.’ तिचं मन मी जाणते. माहेरी जायचं तर अजून दोन आठवड्यांत जा, तिथल्या रुग्णालयात सगळे कागद दाखव, एकदा तपासून घे, मग तेच तुझं रुग्णालय. पण संपाची बातमी ऐकून अडतिसाव्या आठवड्यात एसटीत बसून धावत सुटायचं, हे नको. जिथे तुझी फाइल नाही, तुझा रक्तगट कुणाला ठाऊक नाही आणि रात्री भूलतज्ज्ञ नाही, तिथे संप नसूनही तुझी गैरसोयच होईल. आहेस तिथेच राहणार असशील तर जवळचं एखादं दुसरं रुग्णालय हेरून ठेव. एकदा जाऊन बघा, रात्री सिझेरियन होतं का आणि साधारण खर्च किती येतो ते विचारा. खर्चाचा आकडा माहीत असला की भीती निम्मी होते. सरकारीत 2011 पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे, हेही सगळ्यांना सांगून ठेव. कुणी पैसे मागितले तर संप हे कारण होऊ शकत नाही.

आणि माणसं. तुझ्याबरोबर सात जण नकोत, दोघं पुरेत. एक बाहेरची धावपळ करायला आणि एक बाई आत, तुझ्याजवळ. सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला 2016 पासून केंद्र सरकारची मुभा आहे. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली आणि थंड डोक्याची असावी. माणसं कमी असली की सोबतीणच सिस्टरचे कान-डोळे होते. सिस्टरला हाक मारताना ‘लवकर या, काहीतरी होतंय’ असं सांगायचं नाही. तीन गोष्टी सांगायच्या : काय झालं, कधी झालं, रंग किंवा संख्या काय. ‘पाणी गेलं, सव्वातीनला, हिरवट आहे.’ असं ऐकलं की सिस्टर हातातलं टाकून येते. ‘काहीतरी होतंय’ तर वॉर्डात चाळीस जणी म्हणत असतात. हीच रीत बाळंतपणानंतरही ठेव. पहिल्या दोन तासांत पॅड भराभर भिजत असेल, गरगरत असेल तर संकोच न करता सांग. बाळ झालं की सगळे बाळाकडे बघतात. त्या दोन तासांत सोबतिणीने तुझ्याकडे बघायचं.

जावईबापूंना माझा निरोप दे. त्यांना राग लवकर येतो, तो मी लग्नात हाराच्या वेळी पाहिला आहे. वॉर्डात आवाज चढवायचा नाही. मागे सांगितलं ना, 2017 चा तो बंद कशावरून झाला? मारहाणीवरून. नातेवाइकांनी हात उचलला आणि त्याची किंमत राज्यभरच्या रांगेतल्या बायकांनी मोजली. डॉक्टर-परिचारिकांवरच्या हिंसेविरुद्ध 2010 पासून आपल्याकडे कायदा आहे, पण कायद्यापेक्षा ‘सिस्टर, तुम्ही चहा घेतलात का?’ हे वाक्य वॉर्डात जास्त काम करतं. मी लाच द्यायला सांगत नाहीये. बारा तास उभ्या असलेल्या बाईला माणसासारखं विचारायला सांगते आहे.

तुला वाटेल, मावशीने संपाबद्दल विचारलं तर सगळं बाळंतपणच सांगितलं. खरं आहे ते. साध्या दिवशीही आमच्या वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा असतात, ते लोकांना संप झाल्यावरच कळतं. संपाआधी निदान नोटीस येते. रात्री तीनला एकाच वेळी चार बायका पूर्ण दिवस भरून आल्या तर त्याची नोटीस कोण देणार? म्हणून संपासाठी वेगळी तयारी नसते. जी बाई कुठल्याही रात्रीसाठी तयार आहे, ती संपाच्या रात्रीसाठीही तयार असते.

आजपासून एवढं कर. रात्री दहानंतर बातम्या बघायच्या नाहीत. संप आहे की नाही हे टीव्हीला विचारायचं नाही, लेबर रूमच्या नंबरवर विचारायचं. आणि मंगळवारच्या ओपीडीत पहिला प्रश्न अँटी-डीचा. संध्याकाळी मला फोन करून बीपीचा आकडा सांग. ‘नॉर्मल आहे’ असं नको, आकडा हवा.

तुझी,
मावशी

ता. क. पिशवीत घरची एक जास्तीची चादर टाक. संप असो नसो, सरकारी वॉर्डात चादर कमीच पडते.